कुणीही न पडल्याचे दिवस

आमच्या ताईने आयुष्यात पुष्कळ गोष्टी भांडून मिळवल्या. भांडून मिळवलेली गोष्ट पुन्हा भांडून परत करायची वेळ मात्र तिच्यावर एकदाच आली. ती गोष्ट म्हणजे एक बोर्ड. आई ज्या वृद्धनिवासात राहते तिथे दारातून आत शिरलं की तो समोरच दिसायचा. वर निळ्या अक्षरांत ‘आमच्याकडे कुणीही न पडल्याचे दिवस’ असं लिहिलेलं आणि खाली तीन खिळे. खिळ्यांवर आकड्यांच्या पाट्या अडकवलेल्या असत. स्वागतकक्षातली बाई सकाळी आली की पर्ससुद्धा खाली न ठेवता आधी आकडा बदलायची.

ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि शेजारी तिच्या पायाशी दुसरा. शेजारचा माणूस चुकणारच, हे धरूनच ती जगते. जेवताना मी मिठाच्या डबीकडे जरा जोरात हात नेला तरी टेबलाखाली तिचा पाय दाबला जातो. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मला भांडता येत नाही. समोरच्याचं म्हणणं मला दिसायला लागतं आणि मग भांडणात काही राम उरत नाही. त्यामुळे आमच्या घरातली सगळी भांडणं ताईकडे आणि सगळे चष्मे माझ्याकडे, अशी वाटणी फार पूर्वीच झाली आहे.

आई एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. उभं आयुष्य तिने अक्षरशः उभ्याने काढलं. निवासात राहायला जायचं ठरलं तेव्हा तिने खोली पाहिली, खिडकी पाहिली, पलंगावरच्या चादरीची घडी उलगडून पाहिली आणि नाक मुरडलं. मग म्हणाली, “राहीन. पण बाथरूमला माझी मी जाईन. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.” दुसरी अटच नव्हती. आम्हाला वाटलं, स्वस्तात सुटलो.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका दुपारी बाथरूमला जाताना पॅसेजमध्ये तिचा पाय घसरला. फरशी नुकतीच पुसली होती. त्या मजल्यावर त्या वेळी एकच मावशी कामावर होती, आणि तीही पार दुसऱ्या टोकाला एका आजोबांना आंघोळ घालत होती. आई सापडली ती चहाची गाडी आली तेव्हा. मनगट मोडलं होतं, कपाळावर टेंगूळ आलं होतं. चहावाल्याला तिने पडल्या पडल्या सांगितलं, “मला साखर कमी.” हे तो आम्हाला हसत हसत सांगत होता. ताई हसली नाही.

महिन्याभरात ताईने तिथली नातेवाईक समिती उभी केली आणि स्वतःच अध्यक्ष झाली. तिच्या मागण्या सरळ होत्या. प्रत्येक मजल्यावर आणखी एक मावशी हवी, भिंतीला धरायला कठडे हवेत, फरशीवर न घसरणाऱ्या पट्ट्या हव्यात, आणि किती जण पडतात ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं दारात लावायला हवं. ही शेवटची कल्पना तिला जुन्या नोकरीत सुचली होती. ती आधी बसच्या डेपोत होती आणि तिथे फाटकावर बिनअपघाताच्या दिवसांचा फळा असायचा. मॅनेजरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या सगळं शांतपणेच ऐकतात. बोर्ड आठवड्यात लागला. कठडे आणि पट्ट्या यायला दोन महिने गेले. आणखी एका मावशीची मागणी विचाराधीन होती. बोर्डाला एक फळी आणि तीन खिळे पुरतात, माणसाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. एवढं तर माझ्यासारख्यालाही कळतं.

आणि बोर्डाने काम केलं, हे मान्य करायला हवं. सुरुवातीला आकडा मध्येच कोसळायचा, पण मग चढत गेला. शंभर दिवस होऊन तिसरा खिळा वापरात आला त्या दिवशी मॅनेजरबाईंनी ताईला फुलं दिली आणि सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. तो फोटो ताईच्या फ्रिजवर होता. आई मधोमध, खुर्चीत. बाजूला तिथली बाकी मंडळी. तो फोटो मी कितीतरी वेळा पाहिला असेल. त्यातले सगळे म्हातारे बसलेले आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

महिन्यातून एका रविवारी मी तिथे माझी छोटी पेटी घेऊन जातो. आईच्या चष्म्याचा स्क्रू आवळतो, नाकावरच्या गाद्या बदलतो, मग सगळ्यांचेच चष्मे माझ्यापुढे येतात. त्या रविवारी मोठ्या हॉलमध्ये नेहमीसारखी सगळी जमली होती. खिडकीपाशी मास्तर होते. हे निवृत्त शिक्षक, शाळा सुटली तरी यांचा तास संपलेला नाही. चौथ्या खोलीतल्या काकू खुर्चीच्या हातांवर भार देऊन जराशा पुढे झाल्या, तोच मास्तर म्हणाले, “बसा. आकडा बघा.”

काकू बसल्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागे एकदा याच काकू पडल्या होत्या आणि आकडा शून्यावर आला होता. तेव्हा दोन दिवस त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावर कुणी बोललं नव्हतं, असं आई मला सहज सांगून गेली. सांगताना तिचा सूर काकूंच्या बाजूचा नव्हता.

तेवढ्यात माझ्या हातातला स्क्रू पडला आणि आईच्या खुर्चीखाली गेला. मी गुडघ्यांवर बसून तो शोधायला लागलो. आईचे पाय पायटेकणीवर होते. पायातले कापडी बूट मीच तिला मनगट बरं झाल्यावर आणून दिले होते. बुटांच्या तळाला दुकानातली किमतीची चिठ्ठी जशीच्या तशी चिकटलेली होती.

“आई, हे बूट तू घालत नाहीस का?”

“घातलेत की. तुला चष्मा लागला का आता?”

“चालत नाहीस का, असं विचारतोय.”

तिने मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “कशाला उगीच? पडले म्हणजे?”

“आणि बाथरूमला?”

तिने मांडीवरची शाल सारखी केली. ती आधीच सारखी होती. “लंगोट बांधतात,” ती म्हणाली. “सकाळी बदलतात, दुपारी बदलतात. मावशींना सोपं पडतं ते. एकटी बाई कुठे कुठे पुरणार?”

“तू सांगितलं का नाहीस आम्हाला?”

“काय सांगायचं? दुसऱ्या कुणामुळे आकडा गेला तर गेला. ताईच्या आईमुळे गेला तर लोक काय म्हणतील? एवढं भांडून मिळवलंय तिने.” मग म्हणाली, “तिला सांगू नकोस, धाकट्या. ती फार खूश आहे.”

मला वाईट वाटलं. रागही आला, पण कुणावर रागवावं ते ठरेना. मास्तरांवर रागवावं तर ते बिचारे आपल्या परीने वर्ग सांभाळत होते. मावशीवर रागवावं तर ती दिवसभर लोकांना उचलून स्वतःच कमरेला पट्टा बांधून फिरत होती. मी स्क्रू बसवला, चष्मा पुसला, आईच्या नाकावर ठेवला आणि तिथून निघून थेट ताईकडे गेलो. गुपित राखणं मला जमतं, पण हे राखायचं नव्हतं.

ताई गाडीतच होती. शिकाऊ मुलगी नुकतीच उतरून गेली होती. मी सांगत होतो आणि ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं, “तू तिला उभं करून बघितलंस?”

“नाही.”

“मग बघितलंस काय? बूट?”

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर आईला उभं केलं. आई उठली, पलंगाचा कठडा धरून दोन पावलं चालली, तिसऱ्याला तिचे गुडघे लटपटायला लागले आणि ताईने तिला बसवलं. व्यायामासाठी आठवड्यातून एकदा येणारा फिजिओ त्या दिवशी होता. त्याने आईचे पाय दाबून पाहिले, पोटऱ्या पाहिल्या. “गेलेले नाहीत अजून,” तो म्हणाला, “पण निघालेत. दिवसातून तीन-चार वेळा कुणी सोबत राहून चालवलं तर परत येतील. असंच बसवून ठेवलं तर हिवाळ्यानंतर मला बोलवू नका, उपयोग नाही.”

ताईने खाली बसून आईच्या पायातले बूट सारखे केले. आईनेच मग तिच्या हातावर थोपटलं. “करायला गेलीस काय आणि उलटे झाले पाय,” ती म्हणाली आणि हसली. “तुझे नाही गं. माझे.”

समितीची बैठक त्याच आठवड्यात झाली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. ताईने सांगितलं की बोर्ड काढा, आणि प्रत्येक मजल्यावर सकाळ-दुपार माणसांना चालवण्यासाठी म्हणून एक मावशी द्या, जिच्याकडे दुसरं कुठलंही काम नसेल. लोक उठायला लागले तर कधीमधी पडतीलही, हेही तिने सांगून टाकलं. तिच्या तोंडून हे ऐकून लोक एकमेकांकडे बघायला लागले. ‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’, असं काहीतरी माझ्या शेजारचा पुटपुटला.

“बोर्ड तुमच्याच आग्रहामुळे लागला होता,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “आता नवी कुटुंबं तो पाहूनच आमच्याकडे येतात. आणि मावशींचं म्हणाल तर ते विचाराधीन आहेच.”

मग एका आजींचे जावई उठले. ते वकील आहेत. “पडलं कुणी तर जबाबदार कोण?” त्यांनी विचारलं.

“आता कुणी उठत नाही, त्याला कोण जबाबदार आहे?” ताई म्हणाली.

“त्याला कुणीच नाही,” वकील जावई म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते, त्यांनी नीट समजावून सांगितलं. “बसून राहून काही झालं तर ते वयामुळे झालं. पडून झालं तर ते आपल्यामुळे झालं.”

लोकांना हे पटलं. मला वाटतं, ताईलाही पटलं, कारण ती वर्षभर याच हिशेबाने चालली होती. हात वर करायला सांगितले तेव्हा तिच्या बाजूने तिचा स्वतःचा एक हात वर झाला. मग मीही केला. मी समितीचा सभासद नाही, हे मॅनेजरबाईंनी शांतपणे लक्षात आणून दिलं.

बैठकीची खोली आणि हॉल यांच्या मध्ये स्वागतकक्ष आहे. ताई बाहेर आली, बोर्डापाशी थांबली, हात वर करून तिन्ही पाट्या खिळ्यांवरून काढल्या आणि मधल्या खिळ्यावर शून्य अडकवलं. हॉलमध्ये चमचे वाजायचे थांबले.

“कोण पडलं?” मास्तरांनी खिडकीपासून विचारलं.

“मी पडले,” ताई म्हणाली.

“तुम्ही? कुठे?”

“आतल्या खोलीत. आत्ताच. सगळ्यांच्या देखत.”

“बाहेरची माणसं यात धरत नाहीत,” स्वागतकक्षातली बाई म्हणाली.

“धरा.”

आई खुर्चीतून मान वळवून बघत होती. “लागलं का गं?” तिने विचारलं.

“लागलं,” ताई म्हणाली. बोर्ड तसाच ठेवून ती बाहेर गेली आणि गाडीत जाऊन रडली. मी तिला रुमाल दिला. तो चष्मे पुसायचा होता, त्याने पाणी टिपलं जात नाही, हे ती रडता रडता मला ऐकवायला विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने जुना आकडा, त्यात एक मिळवून, परत लावला. ताई पहिल्या शिकवणीआधी तिथे पोचली आणि पुन्हा शून्य केलं. तिसऱ्या दिवशी तेच. रोज सकाळी फाटकात तिची गाडी उभी राहायची, शिकाऊ माणूस स्टिअरिंग धरून ताठ बसून राहायचा, ताई आत जाऊन पडून यायची आणि मग शिकवणी सुरू व्हायची. मॅनेजरबाईंनी तिला प्रवेश बंद करायचं ठरवलं. पण कुणाही नातेवाइकाला प्रवेश बंद करायचा तर समितीच्या अध्यक्षांची सही लागते, असा नियम ताईनेच मागे भांडून करून घेतला होता. सहीचा कागद तिच्यासमोर आला तेव्हा तिने तो वाचला, नीट घडी केला आणि परत दिला.

शेवटी हरली ती स्वागतकक्षातली बाई. “मी चढवायचा आणि यांनी उतरवायचा,” ती म्हणाली. “मला दुसरी कामं आहेत.” बोर्डावर शून्य राहिलं ते राहिलंच.

शून्याच्या खाली आकडा जात नाही, हे सगळ्यांत आधी चौथ्या खोलीतल्या काकूंना कळलं. एका दुपारी त्या खुर्चीच्या हातांवर भार देऊन पुढे झाल्या. मास्तरांनी तोंड उघडलं, बोर्डाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. काकू उठल्या, कठडा धरून पॅसेजच्या टोकापर्यंत गेल्या, तिथल्या खिडकीतून रस्ता पाहिला आणि परत आल्या. त्या बसतात न बसतात तोच आणखी दोघं उठली. मास्तर सर्वांत शेवटी उठले. ते म्हणे फक्त बाकीच्यांवर लक्ष ठेवायला.

आता मावशींची तारांबळ उडाली. इतके दिवस मजल्यावर एकीचं निभत होतं, कारण सगळे बसलेले होते. उठलेली माणसं सांभाळायला एक बाई कुठून पुरणार? कमरेला पट्टा बांधलेल्या मावशी स्वतःच मॅनेजरबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, माणूस द्या, नाहीतर आम्ही चाललो. ताई वर्षभर जे मागत होती ते त्यांनी दहा मिनिटांत मिळवलं. म्हणजे पूर्ण नाही, अर्धंच. चालवायला एक बाई आली, तीही दोन मजल्यांत मिळून. दुसरी विचाराधीन आहे आणि ताई दर बैठकीला तिचा विषय काढतेच. वकील जावई आता बैठकीला येत नाहीत. बोर्ड पुढे रंगवायला म्हणून निघाला आणि परत आला नाही. तो ज्यांवर टांगलेला होता ते खिळे मात्र भिंतीत राहिले. स्वागतकक्षातली बाई त्यांवर छत्री अडकवते.

आईला रोज चालवायला लागले. आधी पलंगापासून दारापर्यंत. मग दारापासून पहिल्या कठड्यापर्यंत. ती नव्या बाईचा हात धरायची आणि तिला चादरीची घडी कशी घालावी ते शिकवायची. म्हणजे चालणं हे आपलं निमित्त, असं दोघींनाही वाटावं. बुटांवरची चिठ्ठी झिजून गेली. दुपारचा लंगोट सुटला, मग सकाळचाही सुटला. आम्ही त्याबद्दल कुणी काही बोललो नाही. आईने एकदा नुसतंच म्हटलं, “कापूस खूप वाचला.”

हिवाळा संपत आला असेल तेव्हाची गोष्ट. मी दुकानात एका बाईंना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला होता. निवासातून फोन आला. आई पडली होती. मी ताईला कळवलं आणि रिक्षा करून निघालो. आत गेलो तेव्हा ताई माझ्याआधीच पोचली होती. शिकाऊ माणसाला तिने कुठे उतरवलं देव जाणे.

आई पलंगावर पाय पसरून बसली होती. गुडघा सोलवटला होता, त्यावर बर्फाची पिशवी होती. हाडाला काही झालं नव्हतं, डॉक्टर बघून गेले होते. नवी बाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ताई दारातच थांबली होती. मी तिच्या पायाकडे पाहिलं. तिचा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता.

“कुठे चालली होतीस?” तिने विचारलं.

“बाथरूमला. दुसरीकडे कुठे जाणार?”

“मग यांना का नाही घेतलंस बरोबर?”

“त्या होत्या की मागे,” आई म्हणाली. “मीच म्हटलं, हात सोडा. त्यांना काही बोलू नकोस.”

“आणि पडलीस.”

“पडले,” आई म्हणाली. तिने बर्फाची पिशवी गुडघ्यावर नीट ठेवली, चादरीची सुरकुती हाताने सपाट केली आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते नीट पोचायला हवं होतं.

“पण जाताना नाही हं,” ती म्हणाली. “येताना.”